चिपवरची टिकली

भाऊजी, तुमच्या ट्रंकेचं कुलूप मी तोडलं. किल्ली तुमच्या करदोड्याला होती आणि त्या गडबडीत ती काढून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. ती तुमच्याबरोबर मातीत गेली. चौदा दिवस मी ट्रंकेकडे बघत क्लास चालवला आणि पंधराव्या दिवशी हातोडी उचलली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "वहिनी, कुलपाला हातोडी न्हाई, तेल लागतंय." लागत असेल. मला तेवढा धीर कधीच नव्हता, आणि ते तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

लोक अजून रेडिओ परत न्यायला येतात. दारात उभे राहून तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. पालमचा एक म्हातारा तर तुमच्या टेबलाला हात लावून नमस्कार करून गेला. मी सगळ्यांना पाणी देते आणि ऐकून घेते. पण मला तुमच्याशी गोड बोलायचं नाही. आपलं ब्याण्णवच्या उन्हाळ्यातलं भांडण राहिलंय. ते अर्धवट टाकून निघून जाणं तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही नववीत होता आणि घरातला एकुलता एक रेडिओ उघडून ओसरीवर पसरून बसला होता. सासूबाई ओरडत होत्या. मला तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, "वहिनी, त्या स्क्रूवर पाय देऊ नका." पुढं तुमचे दादा पालमच्या शाळेत मास्तर झाले, शनिवारी एस.टी.नं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. उरलेले दिवस स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आणि मी. पुढच्या खोलीत तुमचं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं टेबल, मागच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास. मधे पडदा होता, तो आपण दोघांनी मिळून पहिल्याच वर्षी काढून टाकला, कारण पडद्यातून भांडता येत नव्हतं.

कॉम्प्युटर घ्यायचं माझ्या डोक्यात आलं, हे मी आजही ठणकावून सांगेन. कृषी विद्यापीठातली मुलं प्रबंध टाइप करून घ्यायला यायची आणि एका आकड्याची चूक झाली की अख्खं पान पुन्हा. मी म्हणाले, आपण मशीन आणू. तुम्ही म्हणालात, "आणा. मी उघडून बघतो." तुमचा सगळ्या जगाशी संबंधच उघडून बघण्याचा होता.

मशीन हैदराबादहून आलं, जुनं, थ्री-एटी-सिक्स. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी तुम्ही झाकण काढलंत. मला आठवतंय, वाकण्याआधी तुम्ही गळ्यातलं लिंग शर्टातून बाहेर काढलंत आणि दोऱ्यासकट पाठीवर टाकलंत. लिंग ठेवायची चांदीची चौकी बोर्डावर लोंबली आणि कुठं टेकली तर शॉर्ट होईल म्हणून. तेव्हापासून लिंग पाठीवर गेलं की क्लासातल्या मुलींना कळायचं, आता बाईंचे भाऊजी मशीन उघडणार. त्या कुजबुजायच्या आणि मी टेबलावर पट्टी आपटायची.

गरम किती झालंय हे मोजायची तुमची रीत मी दुसरीकडे कुठंच बघितली नाही. सगळी आकडेमोड करणाऱ्या मोठ्या चिपवर बोटाचं टोक ठेवायचं आणि सावकाश "नमः शिवाय" म्हणायचं. पाच वेळा म्हणेपर्यंत बोट टिकलं तर मशीन ठीक. तिसऱ्याला उचलावं लागलं तर पंखा जवळ घ्यायचा. पहिल्यालाच उचललं तर बटण बंद. मी तुम्हाला चिडवायची, देवाला थर्मामीटर करून ठेवलंय म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "उगंच का गळ्यात बाळगायलोय? कामाला बी पायजे की."

भांडण सुरू झालं ते क्रिस्टलवरून. बोर्डावर एक चपटी चकचकीत डबी असते, तिच्या ठोक्यावर सगळं मशीन चालतं. आपलं सोळाच्या ठोक्याचं होतं. तुम्ही हैदराबादेतून दुसरी डबी आणून बसवलीत आणि ते विसावर पळायला लागलं. शोभाच्या प्रबंधातल्या आकडेमोडीला आधी दोन चहा लागायचे, आता एकात उरकायची. शोभा खूश, तुम्ही खूश. मी चिपवर बोट ठेवलं तर चौथ्याला उचललं.

"जळंल हे," मी म्हणाले.

"न्हाई जळत. वहिनी, तुमी पट्टी वाजवता ना टेबलावर? तसं हाय हे. तुमी पट्टी जोरात वाजवली की पोरी जोरात टाइप करत्यात. घाम येतोय, एवढंच."

"पट्टी जोरात वाजवली की चुकाही होतात. मी पंधरा वर्षं शिकवते आहे, मला सांगू नका."

यावर तुम्ही हसलात.  पण डबी काढली नाहीत. बनवणाऱ्यानं सोळा लिहिलंय ते भिऊन लिहिलंय, तुमचं म्हणणं असं. माझं म्हणणं असं, की त्यानं ते परभणीचा मे महिना न बघता लिहिलंय, बघितला असता तर बारा लिहिलं असतं. दोघंही आपापल्या जागी घट्ट बसलो.

फेब्रुवारीत डिस्क भरली. मोठी डिस्क आणली तर मशीन तिला ओळखेना. तुम्ही मला समजावलंत, की बटण दाबल्याबरोबर मशीन आधी स्वतःची झडती घेतं, हे आहे का, ते आहे का, आणि ही झडती घ्यायची पहिली शिकवण दुसऱ्याच एका छोट्या चिपमध्ये भरून ठेवलेली असते. आपल्या चिपमधली शिकवण जुनी झाली होती. मग पुन्हा हैदराबाद, पुन्हा नवी चिप, नवी शिकवण भरलेली, वर चांदीसारखा चमकता कागद चिकटवलेला. ती तुम्ही श्वास रोखून बसवलीत. मशीननं मोठी डिस्क ओळखली तेव्हा तुम्ही मुलींना पेढे वाटले. मला म्हणालात, "हिला हात लावू नका." पण तुम्ही त्या पेटीतल्या प्रत्येक गोष्टीला हात लावू नका म्हणायचात. मी कुठवर लक्षात ठेवणार होते?

मार्चमध्ये ऊन चढलं. मी म्हणाले कूलर लावू, त्याचं तोंड मशीनकडे करू. तुम्ही एकदम कडक झालात. "कूलर न्हाई. बोरचं पाणी लय खारं हाय. बादलीला बघा कसं पांढरं चढलंय, तेच बोर्डावर चढंल." ते बरोबर होतं, मी मान्य केलं. मग तुम्ही मशीनचं झाकण काढूनच ठेवलंत, टेबल उचलून पूर्वेच्या खिडकीशी लावलंत आणि बाजूला टेबलफॅन ठेवलात. खिडकीला गज होते, काच नव्हती. सकाळी अकरापर्यंत ऊन सरळ आत यायचं, पण दुपारी तिथूनच वारा लागायचा. उघडं मशीन उघड्या खिडकीत, वारा खात. आपल्या दोघांनाही ते फार हुशारीचं वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मशीन अडखळायला लागलं. दुपारी मधेच थिजायचं. बंद करून पुन्हा लावलं की चालायचं. मी तुमच्याकडे बघायची, तुम्ही पंख्याकडे. एका संध्याकाळी मी बोट ठेवलं तर पहिल्यालाच चटका बसला आणि फोड आला. तो फोड मी तुम्हाला दाखवला, शोभाला दाखवला, शनिवारी तुमच्या दादांना दाखवला. फोड आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि पुढं काहीच नाही. पडदा काळा. तुम्ही लिंग पाठीवर टाकून दोन तास वाकून बसलात. शोभाचा प्रबंध चार दिवसांनी द्यायचा होता. ती पाथरीची पोर, घरातली पहिली एवढं शिकणारी, तिथं स्टुलावर बसून राहिली. रडली नाही. तिनं एकदाच विचारलं, "दादा, गेलं का समदं?"

"डिस्कला काय झालं न्हाई," तुम्ही म्हणालात. "तू घरी जाऊन झोप."

तुम्ही डिस्क काढलीत, माझ्या जुन्या सुती पातळात गुंडाळलीत, बोर्ड पिशवीत घातलात आणि सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेलात. डिस्क मांडीवर ठेवून गेलात, हे मला नंतर स्टेशनवरच्या चहावाल्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत आलात ते छापलेला प्रबंध घेऊन. एकशे बारा पानं, एकही आकडा इकडचा तिकडं नाही. शोभानं तुमच्या पाया पडायला वाकायला सुरुवात केली तर तुम्ही दोन पावलं मागं सरलात. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. आणि तरी पुढं जे झालं ते होऊ दिलं.

शोभाचे मार्गदर्शक सर आले होते त्या दिवशी. त्यांच्या हाताखालची अजून चार मुलं आपल्याकडे टाइप करून घेत होती, आणि जूनपासून कॉम्प्युटरच्या क्लासला अकरा मुली येणार होत्या. झरीहून सुनंदाचे वडील फी भरायला आले होते, तेही कोपऱ्यात उभे. चार दिवसांपूर्वीच ते मला म्हणाले होते, "बाईला मशीनचं कळतंय म्हणून पोरीला पाठवायलोत, न्हाईतर न्हाई." सरांनी विचारलं, मशीन बिघडवलं कुणी?

तुम्ही म्हणालात, "मीच. लय पळवलं. बोर्ड जळाला."

"रेडिओवाल्याच्या हातात कॉम्प्युटर दिल्यावर दुसरं काय होणार," सर म्हणाले.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, भाऊजी. मी मान हलवली. वर म्हणाले, "मी सांगत होते यांना." सुनंदाच्या वडिलांनी माझ्याकडे आदरानं बघितलं आणि फी भरली. तुम्ही तुमच्या टेबलाकडे गेलात आणि कुणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून बसलात.

नवा बोर्ड आला तो बसवायला मी नांदेडचा इंजिनिअर बोलावला. तो गेल्यावर पोस्टातून लाख आणली आणि झाकणाच्या चारही स्क्रूंवर वितळवून लावली. वर माझ्या अंगठीचा ठसा. तुम्ही बघत होता. "यापुढं हे तुमी उघडायचं न्हाई," असं मी तुमच्या बोलीत म्हणाले, म्हणजे मला वाटलं मी थट्टेत घेते आहे. तुम्ही म्हणालात, "बरं." तुमच्या तोंडून "बरं" मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तुमचं उत्तर नेहमी "बघू" असायचं.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही मागच्या खोलीत आलात ते फक्त चहा द्यायला आणि फ्यूज बदलायला. मुलींनी काही विचारलं तर म्हणायचात, "बाईंना विचारा." मला वाटायचं, खजील झालाय माणूस. मी माफही केलं होतं तुम्हाला. केवढी मोठ्या मनाची मी. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

एक गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती. हैदराबादहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, क्लास भरायच्या आधी, तुम्ही माझ्या टेबलाशी उभे होता आणि माझ्या हजेरीवहीकडे बघत होता. बराच वेळ. मी आत आले तसे म्हणालात, "वहिनी, वही फाटायलीय. बदला." मी म्हणाले, जूनमध्ये बदलीन. दुपारी तुम्ही स्वतः जाऊन कापडी पुठ्ठ्याची नवी वही घेऊन आलात, तारखा आखून दिल्यात, आणि जुनी वही घेऊन गेलात. मला वाटलं, चूक झाली म्हणून लोणी लावतायत. तुमच्या दादांना मी तसं बोलूनही दाखवलं.

आणि या जानेवारीतलं. विद्यापीठाचं नामांतर झालं, गावात बंदोबस्त होता, मुली दोन दिवस आल्या नाहीत. आपण दोघंच. मी मशीनमध्ये साठवलेल्या सगळ्या अर्जांमधलं जुनं नाव काढून नवं घालत बसले होते, एकेक करून. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. "एवढी वर्षं लागली," तुम्ही म्हणालात. "नाव बदलायचं तर एवढी वर्षं. माणसाला आपलं मत बदलायला किती लागत असतील?" मी म्हणाले, "कुणाचं मत?" तुम्ही म्हणालात, "त्या बोर्डाचं एक सांगायचं होतं." आणि मी, तिसाव्या का चाळिसाव्या अर्जावर वैतागलेली, म्हणाले, "पुरे झालं ते बोर्डाचं. जळाला, संपलं."  तुम्ही चहा टाकायला गेलात. साखर जास्त पडली होती त्यात, मी तेही बोलून दाखवलं.

फाल्गुनात तुम्हाला कावीळ झाली. दवाखान्यात तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि तरी तुम्ही सलाइनच्या बाटलीचा खटका कसा चालतो ते नर्सला विचारत होता. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही विचारलंत, "क्लासातलं मशीन कसं हाय?" मी म्हणाले, ठीक आहे. "पंखा वर घ्या. ऊन चढायलंय." हेच शेवटचं. मी तिथं बसून होते, दोन मोसंबी सोलून झाली, आणि मला एवढंही म्हणता आलं नाही, की बरे व्हा आणि तुम्हीच वर घ्या.

आता ट्रंकेचं सांगते. वर तुमचे दोन सदरे, सोल्डरिंगची तार, हैदराबादच्या गाडीची जुनी तिकिटं रबरात बांधलेली. तळाशी माझं ते सुती पातळ, आणि त्यात गुंडाळलेला बोर्ड. जळलेला बोर्ड दोन वर्षं कुणी पातळात जपून ठेवतं? मी उघडून बघितला तर कुठं काळं नाही, डाग नाही. विसाची डबी तशीच जागेवर. आणि त्या शिकवणीच्या चिपवर, मधोमध, मरून मखमली टिकली. माझी टिकली. क्लासातल्या आरशावर मी तोंड धुताना टिकली काढून लावून ठेवते, तिथली. दोन वर्षांपूर्वी एकदा आरशावरची टिकली गेली म्हणून मी मुलींवर ओरडले होते, हेही आठवलं.

बोर्डाखाली जुन्या हजेरीवहीचा पुठ्ठा होता. नुसता पुठ्ठा, आतली पानं नाहीत. त्याच्या फाटलेल्या कोपऱ्यावर चांदीचा चमकता कागद चिकटवलेला.

तेव्हा मला सगळं आठवलं नाही. त्या कोपऱ्यावरून नख फिरवलं आणि मग आठवलं. मार्चमधली सकाळ, मी मशीनवरची धूळ झटकत होते. चिपवरच्या कागदाची कडा उन्हानं वळली होती, डिंक सुटला होता. मला कुठलीही सुटलेली कडा बघवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी तो कागद ओढून काढला. खाली हरभऱ्याएवढी काचेची खिडकी होती, आत काहीतरी चमकत होतं, छान वाटलं बघायला. कागदाला चिकटपणा उरला होता, तो वाया कशाला घालवायचा म्हणून हजेरीवहीच्या फाटक्या कोपऱ्यावर दाबून बसवला. आणि विसरून गेले. सुटलेला कागद फेकून न देता दुसरीकडे उपयोगाला लावली, याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं असणार.

नांदेडच्या इंजिनिअरला मी बोर्ड दाखवला. तुमचं नाव सांगितलं नाही. त्यानं टिकली बघितली आणि हसला. "बाई, ही चिप उन्हानं पुसते. या खिडकीतून आत ऊन गेलं की आतलं हळूहळू पुसायला लागतं. म्हणून वर कागद लावतात. कागद निघाला असेल, कुणीतरी टिकली लावली. डोकेबाज माणूस." मी विचारलं, बोर्ड जळालाय का? त्यानं दोन तारा जोडल्या, पडदा लावला, आणि भाऊजी, बोर्ड सुरू झाला. झडती घेतली, डिस्क ओळखली. दीड महिना रोज सकाळी ते ऊन चिपच्या त्या खिडकीवर पडत होतं, मीच उघड्या केलेल्या. दुपारी मशीन अडखळायचं ते अर्धवट पुसलेल्या शिकवणीमुळं, उष्म्यानं ते नुसतं वाढायचं. हैदराबादच्या दुकानात तुम्हाला त्या पहिल्याच दिवशी कळलं असणार, की चिप जळाली नाही, कोरी झालीय. पण कोरी कशी झाली ते तुम्हाला तिथं ठाऊक नव्हतं, विसावर पळवल्यानंच झाली असं वाटलं असणार, आणि लोकांना 'जळाला' एवढंच सांगणं सोपं होतं. सर विचारत होते तेव्हा तुम्ही स्वतःवर घेतलंत, कारण चूक तुमचीच असणार असं तुम्हालाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी वही बघितलीत आणि कळलं. मग तुम्ही शब्द मागं घ्यायचे सोडून पुरावा उचलून नेलात, चिप पुन्हा भरून आणलीत, आरशावरची टिकली काढून तिच्यावर लावलीत आणि ट्रंकेला कुलूप घातलंत.

मला राग आला, भाऊजी. आधी राग आला, खोटं कशाला सांगू? मला कुणी विचारलं होतं, की बाई, तुम्हाला वाचवू का? मी काय काचेची आहे? बाईनं कागद सोलला आणि मशीन बिघडलं, एवढं चारचौघांत ऐकायची ताकद माझ्यात होती. असं मी ट्रंकेसमोर बसून मोठ्यानं बोलले. मग दुसऱ्या दिवशी क्लासातल्या मुलींसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, बोर्ड आणि पुठ्ठा हातात धरून. सुनंदा आता सकाळची बॅच घेते, ती मागं उभी होती. मी तिला विचारलं, त्या दिवशी हे कळलं असतं तर? तिनं खाली बघून सांगितलं, "बाई, आमच्या बापूनं मला तिथूनच परत नेलं असतं. फी खिशात घालून." बाकीच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. मी भांडायला तयार होऊन आले होते आणि माझं भांडणच तिनं काढून घेतलं.

तर घ्या, हे तुम्ही जिंकलात. अकरा मुली आल्या, आज त्यातल्या चौघी स्वतः कमावतात, आणि त्याची किंमत म्हणून तुम्ही दोन वर्षं तुमच्या सगळ्यात आवडत्या यंत्राला हात लावला नाहीत. मी त्याबद्दल ऋणी आहे आणि तेवढीच चिडलेली आहे. दोन्ही राहू द्या. तुम्हाला माझं एकाच बाजूचं बोलणं कधी पटलंच नाही.

आज सकाळी मी लाख फोडली. चारही स्क्रूंवरची. नवा बोर्ड काढून तुमचा बसवला, सुनंदानं दिवा धरला. वाकण्याआधी मी मंगळसूत्र पाठीवर टाकलं. मुली हसल्या नाहीत, मला वाटलं होतं हसतील. टेबल खिडकीपासून हलवून भिंतीशी नेलं. टिकली आहे तिथंच आहे. मग त्याच मशीनवर पहिलं पत्र टाइप केलं ते सरांना. लिहिलं, की ब्याण्णव साली बोर्ड माझ्या दिरांनी जाळला नव्हता, चिपवरचा कागद मी काढला होता, आणि तुम्ही त्यांना रेडिओवाला म्हणालात तेव्हा मी मान हलवली ती माझी दुसरी चूक. खाली पूर्ण नाव, सही, आणि क्लासचा शिक्का. सुनंदाच्या वडिलांना द्यायला त्याचीच दुसरी प्रत. मुलीनं स्वतः नेते म्हणून सांगितलं.

राहिलं तुमचं वीस. दुपारी दोन वाजता, पंखा वर घेऊन, मी मोठ्या चिपवर बोट ठेवलं आणि "नमः शिवाय" म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्यापर्यंत आरामात. चौथ्याला चटका बसायला लागला. नियमाप्रमाणे उचलायला हवं होतं, आणि उचललं असतं तर मी बरोबर ठरले असते. मी पाच पूर्ण केले. बोट लाल झालंय, हे लिहिताना दुखतंय. हा निकाल तुमच्या बाजूनं नाही, भाऊजी, तुमचं वीस परभणीच्या दुपारला पुरत नाही, हे मी ठामपणे सांगते. संध्याकाळी सोळाची डबी बसवणार आहे. पण पाचवं मी सोडलं नाही. दोन वर्षं तुम्ही माझा चटका सोसलात, एक मला सोसायचा होता.